जनावरांची मरतूक कशी रोखावी? सोलापूर जिल्ह्यातील पशुपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना मला वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसत आली आहे. दगावलेल्या बहुतेक जनावरांच्या बाबतीत धोक्याची वेळ आधीच ठाऊक असते. व्यायल्यानंतरचे पहिले दोन तास, एप्रिल-मे महिन्यांतली दुपार, मृगाच्या पावसानंतरचे पहिले काही आठवडे आणि ज्वारी काढलेल्या रानात अवकाळीने हिरवे फुटवे आले की येणारे दिवस, ही वेळापत्रकात लिहून ठेवता येण्यासारखी ठिकाणे आहेत. गोठ्याची व्यवस्था या वेळांच्या आधी झालेली असली तर डॉक्टरांना फारसे काही करावे लागत नाही, आणि नंतर धावपळ केली तर पुष्कळदा डॉक्टरांच्याही हातात काही उरत नाही. खालील प्रश्न मला गोठ्यांत, आठवडी बाजारांत आणि लसीकरण शिबिरांत पुन्हापुन्हा विचारले गेले आहेत.

उपचार वेळेवर करूनही आमची जनावरे दगावतात. चूक कुठे होते?

पहिले काम म्हणजे मरतुकीची वही ठेवणे. दूध किती निघाले याची नोंद बहुतेक गोठ्यांत असते, पण जनावर गेल्याची नोंद क्वचितच आढळते. जनावराचे वय, तारीख, आदल्या दिवशी दिलेली वैरण, शेवटची लस आणि शेवटचे जंताचे औषध, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक वेळी लिहाव्यात.

माढा तालुक्यातील एका पशुपालकाची दोन वर्षांत चार वासरे गेली होती आणि प्रत्येक वेळी त्यांनी वेगवेगळे कारण मानले होते. आठवून आठवून तारखा लिहायला बसलो तेव्हा चारही वासरे पावसाळ्यात आणि वयाच्या पहिल्या महिन्याच्या आत गेल्याचे दिसले. मग गोठ्यात जाऊन पाहिले. वासरांचा खुंटा सगळ्यात सखल कोपऱ्यात होता, मोठ्या जनावरांचे मूत आणि धुतलेले पाणी उतारावरून तिथेच साचत होते, आणि खालचे पोते हाताने पिळता येईल इतके ओले होते. खुंटा वरच्या बाजूला हलवला, खाली कोरडा पालापाचोळा टाकला आणि तो रोज बदलण्याचे ठरले. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याकडे एकही वासरू गेले नाही. केवळ औषधे बदलत राहिलो असतो तर तो कोपरा कधीच नजरेस आला नसता.

नवजात वासरू किंवा रेडकू वाचवण्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काय?

चीक. बाकी सर्व त्यानंतर.

गाय-म्हशीच्या वासराला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत. ते त्याला केवळ चिकातून मिळतात, आणि चिकातील हे घटक जसेच्या तसे शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने घटत जाऊन सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक शक्यतो अर्ध्या ते एका तासात, फार तर दोन तासांच्या आत पोटात जायला हवा, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा इतका चीक तीन-चार वेळांत विभागून पाजायला हवा. ३० किलोच्या वासराला याचा अर्थ तीन लिटर होतो. रात्री दोन वाजता व्यायलेल्या म्हशीचे रेडकू सकाळच्या धारेपर्यंत तसेच राहिले, तर त्याचे नुकसान नंतर कितीही दूध पाजून भरून येत नाही.

खरवस हा आपल्या घरांतला आवडीचा पदार्थ आहे आणि शेजारीपाजारी चीक वाटण्याची रीतही जुनी आहे. वासराचे पोट भरल्यानंतर उरलेल्या चिकाचा खरवस अवश्य करावा, मात्र पहिल्या धारेवरचा हक्क वासराचाच आहे आणि या बाबतीत मी कोणतीही सवलत देऊ इच्छित नाही.

नाळ स्वच्छ कात्रीने पोटापासून दोन ते तीन इंचांवर कापावी, त्याआधी निर्जंतुक दोऱ्याने बांधावी आणि टोक टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवावे. नाळ वाळेपर्यंत दिवसातून दोनदा आयोडिन लावावे. शेण, राख किंवा हळद लावू नये. नाळेतून शिरलेला जंतू सांध्यांत पू करतो, आणि गुडघे सुजून लंगडणारी वासरे नंतर हळूहळू खंगतात.

म्हशीच्या रेडकांबाबत थोडे स्पष्ट लिहावे लागेल. दूध विकायचे म्हणून रेडकाला सडाला तोंड लावण्यापुरते सोडायचे आणि लगेच ओढून बांधायचे, ही पद्धत आपल्याकडे अजून आहे. अशी रेडके पहिल्या दोन महिन्यांत आजाराने गेल्यासारखी दिसतात, पण मुळात ती उपाशी असतात. त्यातच आईच्या दुधावाटे त्यांच्या पोटात मोठे गोल जंत येतात. म्हणून जंताचे पहिले औषध दहाव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला देत राहावे. लांब तलवारीसारख्या शिंगांची, कमी चाऱ्यावर आणि कोरड्या हवेत टिकणारी पंढरपुरी म्हैस ही आपल्या भागाची ठेव आहे. तिची चांगली पारडी गोठ्यातच मेली, तर तशी म्हैस बाजारात शोधून सहज मिळत नाही.

वार पडल्याशिवाय चीक काढू नये, असे घरातील वडीलधारी सांगतात. ते बरोबर आहे का?

नाही. वासरू आचळ ओढू लागले की गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला त्याने मदतच होते. वाट पाहण्यात वासराचे मोलाचे तास जातात. बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टरांना कळवावे, पण तिला वजन बांधू नये आणि ती हाताने ओढूही नये.

वासराला हगवण लागल्यावर दूध बंद करावे का?

दूध बंद करू नये. हगवणीत वासरू मरते ते प्रामुख्याने अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. माणसांसाठी मिळणारी जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून दुधाच्या वेळा सोडून दिवसातून तीन-चार वेळा पाजावी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले किंवा वासरू उठेनासे झाले, तर त्याला शिरेतून सलाइन लागते आणि तिथे तासाभराचाही उशीर परवडत नाही.

किराळ लागते म्हणजे नक्की काय होते? आमची जनावरे तर पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच खात आली आहेत.

हा प्रश्न ज्वारीच्या जिल्ह्यात विचारला जाणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर ज्वारीच्या वयात आहे. कोवळ्या ज्वारीत एक असा घटक असतो की, पाने चावली गेल्यावर आणि पोटात मिसळल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे विष, तयार होते. त्याची बाधा म्हणजेच किराळ. गुडघ्याएवढे पीक, पाण्याच्या ताणाने खुरटलेले पीक, कापणीनंतर बुडख्यातून आलेले फुटवे आणि दीर्घ खंडानंतर पाऊस पडून एकदम तरारलेली ताटे यांत हे प्रमाण सर्वाधिक असते. पीक फुलोऱ्यात आल्यावर ते बरेच उतरते आणि नीट वाळलेल्या कडब्यात धोका राहत नाही. म्हणूनच मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी दाण्याला येऊन तिचा कडबा झाला की निर्धोक असते, पण त्याच रानात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस होऊन बुडख्यांना पोपटी कोंब आले, की तेच रान जनावराला घातक ठरते. उन्हाळ्यात पाण्यावर केलेल्या कडवळालाही, म्हणजे चाऱ्यासाठीच्या ज्वारीलाही, हाच नियम लागू आहे.

विषबाधा झालेले जनावर काही मिनिटांत धापा टाकू लागते, थरथरते, झोकांड्या देते आणि खाली पडते. डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू व हिरड्या प्रथम लालभडक दिसतात. यावर उतारा आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून दिली तर पडलेले जनावरही उठते, परंतु डॉक्टर पोहोचायला हवेत. म्हणून फोन करताना ‘जनावर आजारी आहे’ असे मोघम न सांगता ‘कोवळी ज्वारी खाल्ली आहे’ असे सांगावे, म्हणजे औषध सोबत येईल. तोपर्यंत बाकीची जनावरे रानातून बाहेर काढावीत आणि पडलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नये.

कडवळ फुलोऱ्याआधी कापू नये, कापल्यावर सुकवून मगच घालावे, ज्वारीच्या मोकळ्या रानात सोडण्याआधी जनावरांना गोठ्यात कोरडी वैरण खाऊ घालावी आणि फुटव्यांचे रान दिसले तर नांगरून टाकावे. बांधावर चरणारे एखादे जनावर दावे तोडून त्या रानात जाते आणि नुकसान होते, असेच बहुतेक वेळा घडते. त्यामुळे दाव्यांची आणि खुंट्यांची तपासणी हीसुद्धा मरतूक रोखण्याचाच भाग मानावी.

उन्हाळ्यात म्हशी आणि संकरित गायी कशा सांभाळाव्यात?

सोलापूरचे कमाल तापमान उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर अनेक दिवस राहते. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी थोड्या, त्यामुळे तिला अंगातील उष्णता बाहेर टाकता येत नाही, तर होल्स्टिन संकरित गाय मुळातच थंड प्रदेशातल्या रक्ताची आहे. खिलार बैल जे ऊन सहन करतो, ते या दोघींकडून अपेक्षित धरू नये.

पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता स्वतः अर्धा तास उभे राहून पाहावे. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर किंवा निदान पांढरा चुना, बाजूंना मोकळी हवा आणि उन्हाच्या बाजूला ओले गोणपाट, एवढ्याने फरक पडतो. मात्र चारी बाजूंनी गोणपाट लावून गोठा कोंदट करू नये, कारण दमट आणि बंद हवा कोरड्या उन्हापेक्षाही वाईट ठरते. दुभत्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ८० लिटर आणि त्याहून अधिकही पाणी लागू शकते. ते सावलीतल्या हौदात आणि दिवसभर समोर असावे. उन्हात तापलेल्या पिंपातले पाणी जनावर पुरेसे पीत नाही. कडब्यासारखी तंतुमय वैरण पचताना अंगात उष्णता निर्माण होते, म्हणून तिचा मोठा भाग रात्री व पहाटे द्यावा.

तोंड उघडून धाप, लाळेची तार आणि १०५ अंश फॅरनहाइटच्या पुढे ताप दिसला, तर सावलीत नेऊन डोके, मान व पाठ यांवर सतत पाणी ओतत राहावे आणि पंख्याची हवा द्यावी.

फक्त उसाच्या वाढ्यांवर जनावरे ठेवली तर चालते का?

गाळप हंगामात माळशिरस, पंढरपूर, माढा या ऊसपट्ट्यांत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक मिळतात आणि दुष्काळात तर पुष्कळांचा तोच आधार असतो. परंतु वाढ्यांतील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. महिनोन्‌महिने केवळ वाढ्यांवर असलेली गाभण जनावरे व्यायल्यावर बसतात, त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. वाढ्यांची कुट्टी करून त्यात निम्मी तरी दुसरी वैरण मिसळावी, चुन्याची निवळी द्यावी आणि रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्यावे.

व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय बसली, मान कुशीवर टाकून गप्प झाली आणि कान थंड लागले, तर तो दुग्धज्वर समजावा. नाव ज्वर असले तरी अंग थंड असते. कॅल्शियम शिरेतून हळूहळू द्यावे लागते. घाईने दिल्यास हृदय बंद पडते. म्हणून हे इंजेक्शन कोणीही घरी स्वतः देऊ नये.

लसी नेमक्या कधी द्याव्यात?

रोहिणी निघण्याआधी. लस दिल्यानंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळ्याच्या तोंडावरचे रोग आहेत आणि लागण झाल्यावर जनावर एक-दोन दिवसांत जाते. त्यामुळे गावात पहिले जनावर मेल्यानंतर लावलेल्या रांगेचा उपयोग थोडाच होतो. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लसही पावसाळ्यापूर्वीच द्यावी, आणि प्रथमच देत असल्यास दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा चुकवू नये. लाळ्या खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, शेळ्या-मेंढ्यांना पीपीआर या विषाणूजन्य रोगाची लस तीन-चार महिन्यांच्या वयानंतर, आणि सांसर्गिक गर्भपाताची लस केवळ चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच दिली जाते. २०२२ मध्ये राज्यभर पसरलेल्या लम्पी चर्मरोगासाठी शेळ्यांच्या देवीची लस गोवर्गीय जनावरांना दिली गेली. ती दरवर्षी घ्यावी.

लसीच्या आठ-पंधरा दिवस आधी जंताचे औषध द्यावे. लस बर्फाच्या पेटीतूनच येत आहे ना, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि विचारल्याचा कोणी राग मानू नये.

गोचिडांसाठी पिकावरचे कीटकनाशक वापरले तर काय बिघडते?

जनावर मरते. पिकावर फवारायची औषधे जनावराच्या अंगावर वापरू नयेत. जनावरांसाठीचे औषधही बाटलीवरील प्रमाणातच पाण्यात मिसळावे, फवारण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजावे, अंगावर जखम असल्यास लावू नये आणि अंग वाळेपर्यंत तोंडाला मुसके बांधावे, कारण अंग चाटल्यानेच विषबाधा होते.

गोचीड ताप संकरित गायींना आणि विशेषतः त्यांच्या वासरांना मारतो. खूप ताप, खांद्यापुढील गाठी सुजणे आणि पापण्या पांढुरक्या पडणे ही त्याची लक्षणे आहेत. रक्त पिऊन फुगलेली गोचिडाची मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत जाते आणि हजारो अंडी घालते. त्यामुळे केवळ जनावरावर फवारून भागत नाही. भेगा सिमेंटने लिंपाव्यात, गव्हाणीखालची माती खरवडून जाळावी, भिंतींवर फवारावे आणि दोन-तीन आठवड्यांनी हे सर्व पुन्हा करावे.

पावसाळ्यात चांगल्या धडधाकट शेळ्या-मेंढ्याच एका रात्रीत का मरतात?

पहिल्या पावसानंतरचा लुसलुशीत चारा त्यांनी अधाशीपणाने खाल्लेला असतो, आतड्यातील जिवाणू त्यावर झपाट्याने वाढतात आणि त्यांचे विष रक्तात उतरते. हाच आंत्रविषार. जी शेळी अधिक खाते तीच बळी पडते, म्हणून कळपातील सर्वांत उत्तम जनावर जाते. लसीबरोबरच, सकाळी दव असताना कळप बाहेर काढू नये आणि आधी थोडा कडबा किंवा तुरीचा भुसा खाऊ घालावा. करडांची मरतूक मात्र थंडी-पावसातल्या ओल्या जमिनीमुळे होते. त्यांच्यासाठी जमिनीपासून उंच फळ्यांचे मचाण करावे.

पोट फुगल्यावर घरी काय पाजावे?

हिरवा लसूणघास ओला असताना पोटभर खाल्ला की डावी भकाळी (कुशीतला खळगा) फुगते आणि टिचकी मारल्यास ढोलासारखा आवाज येतो. जनावराचे पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे, चालवावे आणि मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर गोडेतेल पाजावे. पाजताना जीभ ओढून धरू नये, डोके पाठीच्या रेषेपेक्षा वर उचलू नये आणि ठसका लागताच डोके लगेच सोडावे. नाकाडे आभाळाकडे करून बांबूच्या नळीने ओतलेले तेल मी फुप्फुसात उतरलेले पाहिले आहे. पोटफुगीतून वाचलेली ती म्हैस तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाने गेली.

लग्नातले उरलेले अन्न किंवा खळ्यावरचे धान्य जनावराने खाल्ले तर?

भात, पोळ्या किंवा ज्वारी-मक्याचे दाणे एकदम जास्त खाल्ल्याने पोटात आम्ल तयार होते, रवंथ बंद होतो आणि जनावर दुसऱ्या दिवशी बसते. किती खाल्ले याचा अंदाज घेऊन, जनावर ठीक दिसत असतानाच डॉक्टरांना बोलवावे.

बाजारातून आणलेले जनावर लगेच दावणीला बांधावे का?

सांगोला असो वा इतर कोणताही आठवडी बाजार, आणलेले जनावर किमान २१ दिवस वेगळे बांधावे आणि त्याची वैरण-पाण्याची भांडीही वेगळी ठेवावीत. त्याच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक वहीत लिहावा व लसीकरणाची माहिती विक्रेत्याकडून मागून घ्यावी.

वीज आणि पूर यांपासून काय काळजी घ्यावी?

ढग गडगडू लागताच जनावरे झाडाखाली आणि तारेच्या कुंपणाजवळ बांधू नयेत. भीमा आणि सीना नद्यांच्या काठच्या गावांत पाणी वाढण्याचा इशारा आला की जनावरे त्याच दिवशी उंचावर हलवावीत, आणि तेवढा वेळ नसेल तर दावी कापून त्यांना मोकळे सोडावे. मोकळी म्हैस पोहून वाचते, खुंट्याला बांधलेली जागीच बुडते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेल्या पुराने हे पुन्हा दाखवून दिले.

जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून काळे रक्त येत असेल तर?

ती फाशी, म्हणजेच काळपुळी, असू शकते आणि हा रोग माणसालाही होतो. असे जनावर फाडू नये, सोलू नये, ओढतही नेऊ नये. हवा लागताच त्याचे जंतू टिकाऊ रूप धारण करतात आणि त्या मातीत कित्येक वर्षे राहतात. डॉक्टरांना कळवून, सांगितलेल्या जागी किमान सहा फूट खोल खड्ड्यात, वर-खाली चुना घालून पुरावे.

मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन करून आता काय मिळणार?

उरलेली जनावरे वाचतात. काळपुळीचा संशय नसेल तेव्हा शवविच्छेदनातून मरणाचे कारण बहुधा कळते, आणि नमुने पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. विम्याच्या दाव्यासाठीही त्याचा अहवाल लागतो आणि कानातला बिल्ला जागेवर असावा लागतो. नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या जनावराचा पंचनामा तलाठी व पशुवैद्यकीय अधिकारी करतात. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत दुधाळ गाय किंवा म्हशीसाठी ३७,५०० रुपये, बैलासाठी ३२,०००, वासरासाठी २०,००० आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये अशी मदत ठरवलेली होती. पंचनाम्याआधी मृत जनावर हलवू नये. हलवणे भागच असेल तर कानातला बिल्ला स्पष्ट दिसेल असे छायाचित्र आधी काढून ठेवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर ठळक रंगवून ठेवावा, कारण रात्री म्हैस अडली असताना घरातल्या मुलालाही तो वाचून लावता आला पाहिजे.